आभाळाचं ठिगळ आणि सहा क्रेट स्ट्रॉबेरी

छिऊ-मोई भित्री होती, पण शिस्तीत. ऊठसूट घाबरणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्या भीतींचा क्रम ठरलेला होता. पहिली, अन्न वाया घालवणाऱ्याच्या डोक्यावर पडते त्या विजेची. दुसरी, सरकारी शिक्का असलेल्या पाकिटाची. तिसरी, मोठ्या जाऊबाईंची. नवरा होता तोवर चौथीही होती, त्याच्या मोटारसायकलची. पण तो आठ वर्षांपूर्वी अंथरुणात शांतपणे गेला. एवढी वर्षं जपलेली भीती फुकट गेली, याचं तिला दुःखातही थोडं वाईट वाटलं होतं. वाया गेलेलं काहीच तिला सोसत नसे.

ताहूच्या डोंगरात तिच्या वयाच्या सगळ्याच हाक्का जमातीच्या बायका काटकसरी, पण छिऊ-मोईनं त्यात पदवी मिळवली होती म्हणा ना. मोहरीची भाजी ती मिठात तुडवायची, मग उन्हात सुकवायची, मग काठीनं बाटल्यांत ठासून बाटल्या उलट्या करून ठेवायची. स्वयंपाकघराच्या मागच्या फळीवर या बाटल्यांची रांगच होती. त्यातली सगळ्यात आतली मोठ्या भूकंपाच्या वर्षातली. आतला ऐवज काळा पडला होता. ती उघडायची कुणाची छाती नव्हती, आणि फेकायची तिची नव्हती.

घराच्या मागं ओढ्यापर्यंत उतरत गेलेला स्ट्रॉबेरीचा एक तुकडा, मुलगा युंग-छांग बसवर चालक, आणि सून पेई-छी तायचुंग शहरातली. त्या वर्षी पेई-छीला सहावा महिना लागला होता आणि छिऊ-मोईच्या यादीत पाचवी भीती येऊन बसली होती. ती आल्या आल्या रांग मोडून पुढं घुसली.

आमच्याकडं पोटुशी बाई घरात असली की भिंतीत खिळा ठोकत नाहीत, पलंगावर कात्री ठेवत नाहीत, जड कपाट हलवत नाहीत. बाळाचा रक्षक देव त्या दिवसांत घरात कुठंही बसलेला असतो, कधी उंबऱ्यात, कधी चुलीपाशी, आणि त्याला टोचलं की बाळाला टोचतं. मोठ्या जाऊबाई फुंग-मोई शेजारीच राहायच्या. शहात्तर वर्षांच्या. पेई-छी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात त्यांनी ही सगळी कलमं तिला तोंडपाठ करवली होती.

त्यात चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्यातली विसावी तिथी आली. फार पूर्वी या दिवशी आभाळाला भोक पडलं आणि न्यू-वा देवीनं पाच रंगांचे दगड वितळवून ते सांधलं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार, असं म्हणून बाकीची माणसं हात टेकतात. हाक्का बायकांनी तो प्रश्न कधीच सोडवून टाकला आहे. नववर्षाची उरलेली तांदळाची गोड वडी तळायची, तिच्यावर दोरा ओवलेली सुई टोचायची, अंगणात मांडायची. देवीला ठिगळाचं सामान पोचलं. सुईत दोरा मात्र आदल्या दिवशी ओवून ठेवायचा, कारण त्या दिवशी शिवायचं नाही, खणायचं नाही, कसलंही काम करायचं नाही. देवी वर सांधत असताना खाली कुणी जमिनीला भोक पाडलं, तर सांधलेलं सगळं त्या वाटेनं गळून जातं. सरकारनं मध्यंतरी हा दिवस राष्ट्रीय म्हणून जाहीर केला, सुट्टी मात्र दिली नाही. तेव्हापासून विश्रांतीच्या महत्त्वावर भाषण करायला अधिकारी त्या दिवशी खास कामावर येऊ लागले.

फुंग-मोईंना सरकारच्या आधाराची गरज नव्हती. त्यांच्या सासऱ्यांच्या चुलत्यानं एका विसावीला बांध खणला होता आणि वर्षाच्या आत त्याचं छप्पर गळू लागलं, ही गोष्ट त्या दरवर्षी सांगायच्या. ताहूत पावसाळ्यात सगळ्यांचीच छपरं गळतात, हे त्यांना सांगायला कुणी धजावलं नव्हतं.

त्या वर्षी नववर्षानंतर ऊब पडली. एकोणिसावीला छिऊ-मोईनं दिवसभर खुडणी केली आणि उरलेली अर्धी पांढरी फळं रोपांवर ठेवली. त्याच संध्याकाळी टीव्हीवरच्या बाईनं हसतमुखानं सांगितलं की उद्यापासून उत्तरेची थंडी आणि तीन दिवस पाऊस. आणि रात्रभर दक्षिणेचा कोमट वारा वाहिला. सकाळी उजाडताना छिऊ-मोईनं मागचं दार उघडलं, तर सगळा उतार लाल.

स्ट्रॉबेरीवर पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी तिला करडी लव फुटते, तिसऱ्या दिवशी ती लगदा होते. एवढं अन्न डोळ्यांदेखत सडू द्यायचं म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या भीतीला घरी जेवायला बोलावण्यासारखं. आणि खुडायचं म्हणजे विसावीचा दिवस मोडायचा, तोही घरात पोटुशी सून असताना. दारात उभं राहून ती दोन्ही भीती तोलत राहिली. खालच्या गल्लीत एकही दिवा लागला नव्हता. सगळं खोरं आज नियमाप्रमाणं झोपून राहणार होतं.

मग तिनं वकिली केली. कात्री घ्यायची नाही, देठ नखानं मोडायचा. नख काही लोखंड नव्हे. खुडणं म्हणजे टोचणं नव्हे. जमिनीला हात लावायचा नाही. शिवाय विकायचं नाही, एकही फळ नाही. म्हणजे हे काम झालंच नाही, ही नुसती अन्नाची राखण. हे सगळं तिनं मनात बोलताना आभाळाला ऐकू जाईल अशा बेतानं सुटं सुटं मांडलं आणि ती वाफ्यात उतरली.

दोन तासांत सहा क्रेट भरले. पाठ मोडली, बोटं लालभडक झाली, पण एक देठसुद्धा कात्रीनं कापला नव्हता. शेवटचा क्रेट उचलणार, एवढ्यात उत्तरेकडून पहिला गार झोत आला आणि पुढच्या हंगामाच्या रोपांवरचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यानं सुटून फडफडायला लागलं. बांबूची खुंटी उपटून बाजूला पडली होती. दुसरा झोत आला तर सगळं आच्छादन ओढ्यात. तिनं विचार केला असता तर तिला सुचलं असतं की कोपऱ्यावर पायाजवळचा दगड ठेवला तरी चालतं. पण तीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नसते. तिनं तोच दगड उचलला आणि तीन घाव घातले. खुंटी वीतभर जमिनीत गेली.

तिसऱ्या घावाचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. छिऊ-मोई दगड हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं दगड हळूच खाली ठेवला, झोपलेल्या माणसाजवळ ठेवावा तसा.

नऊ वाजता ती अंगणात तळलेली वडी मांडत होती. सुई वडीत टोचताना दोरा तेलात बुडाला. फुंग-मोई लाल जॅकेट घालून पाहणीला आल्या.

“बोटं कशानं रंगली गं?”

“नैवेद्याखालच्या लाल कागदाचा रंग लागला, जाऊबाई.”

“हल्ली कागदसुद्धा रंग सोडतो,” असं म्हणून फुंग-मोईंनी एक वडी उचलली आणि चुलत्याच्या बांधाची गोष्ट सुरू केली. छप्पर गळायला लागलं तिथपर्यंत आल्या आणि पहिला थेंब पडला. छिऊ-मोईच्या हातातलं ताट खाली पडलं.

सहा क्रेट डुकरांच्या जुन्या गोठ्यात पोत्याखाली झाकलेले होते. सगळ्या खोऱ्याचं फळ पावसात भिजत असताना कोरडी, चकचकीत स्ट्रॉबेरी बाजारात नेणं म्हणजे गुन्हा ढोल वाजवून कबूल करणं. शिवाय आभाळाला दिलेला शब्द. शेजारी वाटावी तर जाऊबाई पहिलं फळ उचलून विचारणार, कधी खुडलं? टाकायची तर वर वीज बसलेलीच. म्हणजे सत्तरेक किलो स्ट्रॉबेरी घरातल्या घरात, कुणाला न कळता, दोन दिवसांच्या आत जिरवायची. तिच्या सगळ्या आयुष्यानं बहुतेक याच परीक्षेची तयारी करून घेतली होती.

पहिले दोन क्रेट जॅममध्ये गेले. लोखंडी मोठी कढई, लाकडाची चूल, साखर आणि लिंबू; फेस काढायचा आणि ढवळत राहायचं. लाल बुडबुडे फुटून भोकं पडताना ती बघायची नाही, भिंतीकडं तोंड करून ढवळायची. एक क्रेट खडीसाखरेच्या थरात रचून तांदळाच्या दारूत बुडवला. कठीण, कमी पिकलेली फळं तिनं वेगळी काढली आणि मोहरीच्या भाजीसारखी मिठात दाबून बाटल्यांत ठासली, बाटल्या उलट्या करून भूकंपाच्या बाटलीपुढं लावल्या. वाफवलेल्या कोंबडीबरोबर आम्ही आंबट संत्र्याची चटणी खातो. तिनं ती स्ट्रॉबेरीची केली, वर मिरची घालून. ती बरी झाली होती, हे नाइलाजानं सांगायला हवं. उरलेल्या फळांच्या चकत्या. त्या खरं तर दोऱ्यात ओवून धुरावर टांगायच्या, पण पोटुशी सून घरात असताना नैवेद्याव्यतिरिक्त सुई कशी चालवणार? म्हणून बांबूच्या सुपांत पसरून चुलीभोवती मांडल्या. तरी अर्धा क्रेट उरला, तो कुस्करून तांदळाच्या पिठात मळला आणि गुलाबी वड्या वाफवल्या. युंग-छांग कामावरून आला आणि कुणाचं लग्न आहे म्हणाला. पावसानं झोडपलेली फळं वाचवली, असं तिनं सांगितलं. त्याला खरं वाटलं. तो बस चालवायचा, शेती नाही.

वास मात्र बरणीत भरता येत नाही. तीन दिवस गल्ली पाकाच्या वासात बुडाली होती. फुंग-मोई छत्री घेऊन मागच्या दारी आल्या, कढईत डोकावल्या, चमचा बुडवून चाखला.

“भिजलेल्या फळाला असला रंग येत नाही,” त्या म्हणाल्या आणि आणखी एक चमचा घेऊन गेल्या.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण पेई-छीला दिवसभर मळमळायचं, आणि आता तिला कळलं की सासूच्या जॅमनं अन्न पोटात टिकतं. ती चमच्यानंच खायची. छिऊ-मोई एकेक चमचा मोजायची. पावाबरोबर तरी खा, असं ती म्हणायची. नको खाऊस असं म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

मंगळवारी सासू-सुना मिआओलीच्या इस्पितळात तपासणीला गेल्या. पडद्यावर करडं धुकं हलत होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हा पाय, हा मणका, हे नाक कुणाचं घेतलंय, असं बोलत होत्या. मग बोलणं थांबलं. छिऊ-मोईला शांततांची चांगली पारख होती. नवरा गेला त्या सकाळची एक, भूकंपाआधीची एक. ही त्यांच्याच घराण्यातली होती. बाईंचा हात पोटावर एकाच जागी मागंपुढं होत राहिला.

“हृदयाच्या मधल्या पडद्यात एक छिद्र दिसतंय,” त्या म्हणाल्या. “अगदी बारीक. अशी बरीचशी आपोआप बुजतात. काही जन्माआधी, काही पुढच्या वर्ष-दोन वर्षांत. आपण लक्ष ठेवू.”

“किती?” छिऊ-मोईनं विचारलं.

“दोन मिलिमीटर असेल.”

“तसं नाही. किती छिद्रं?”

“एकच, आजी.”

एकच. तिनं खुंटीही एकच ठोकली होती.

परतीच्या बसमध्ये पेई-छी खिडकीकडं तोंड करून बसली होती. बऱ्याच वेळानं, मान न वळवता तिनं विचारलं, “आई, माझ्या हातून काही चुकलं असेल का?” छिऊ-मोईनं पिशवीतून संत्रं काढून सोलायला घेतलं, ते सोललं, फोडी केल्या, कुणीच खाल्लं नाही, आणि ते संत्रं चक्क वाया गेलं. हे तिच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, एवढी तिची अवस्था.

फुंग-मोई अंगणात वाटच बघत होत्या. छिद्र म्हणताच त्यांनी स्टूल ओढलं आणि पेई-छीची उलटतपासणी सुरू केली. कात्री पलंगावर ठेवली होतीस? सुईदोरा? भिंतीला काही ठोकलंस? आठव, नीट आठव. पेई-छीनं आठवलं. मागच्या महिन्यात तिनं कॅलेंडर अडकवायला भिंतीला एक चिकटपट्टीचा आकडा लावला होता, अंगठ्यानं दाबून. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. फुंग-मोईंनी डोळे मिटून मान हलवली. बघ, म्हणाल्या, दाबलंस ना.

छिऊ-मोई उंबऱ्यात उभी होती. तिसऱ्या क्रमांकाची भीती समोर स्टुलावर बसलेली, पाचवी त्या पोरीच्या पोटात.

“तिनं नाही,” ती म्हणाली. “खुंटी मी ठोकली.”

“कसली खुंटी?”

“रोपांच्या प्लॅस्टिकची. विसावीला, सकाळी.”

फुंग-मोईंनी स्टूल तिच्याकडं फिरवलं.

“कशानं ठोकलीस?” त्यांनी विचारलं.

“दगडानं.”

“लोखंड नव्हतं?”

“नव्हतं.”

“किती खोल?”

“वीतभर.”

“आणि कढईतलं ते फळ?”

“तेही त्याच सकाळचं.”

“म्हणजे जॅम?” पेई-छीनं नाक पुसत विचारलं. “मी तर दोन बरण्या संपवल्या.”

फुंग-मोईंनी पुन्हा डोळे मिटले. छिऊ-मोईला वाटलं, आता त्या उठतील, घरी जातील आणि उद्यापासून सगळी गल्ली आपल्या दारावरून मान खाली घालून जाईल. फुंग-मोई उठल्या, घरी गेल्या आणि आपल्या फ्रीजमधून विसावीच्या नैवेद्याची एक उरलेली वडी घेऊन परत आल्या. ती दगडासारखी गोठली होती.

“आभाळाला चालते, तर जमिनीला का नाही चालणार?” त्या म्हणाल्या. “भोक दाखव.”

तिघी मागच्या उताराकडं निघाल्या. पेई-छीला त्यांनी बांधावरच थांबायला लावलं, बाकी दोघी चिखलात उतरल्या. खुंटी छिऊ-मोईनं त्याच दुपारी धास्तीनं उपटून टाकली होती. ती जागा ती बोटानं चाचपत राहिली, हातभर इकडं, हातभर तिकडं. तीन दिवसांच्या पावसानं माती वाहून आली होती. भोक कुठंच नव्हतं.

“बुजलं वाटतं,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाईही आपोआपच म्हणाल्या होत्या, पण हे तिनं मोठ्यानं म्हटलं नाही. म्हटलं की मोडतं.

“असं कसं बुजेल?” फुंग-मोईंना ते बिलकूल आवडलं नाही. देवीला पाच रंगांचे दगड वितळवावे लागले होते आणि इथं पावसानं फुकटात काम करावं? त्यांनी अंदाजानं एक जागा निवडली आणि गोठलेली वडी तळहातानं चिखलात दाबली, जोर लावून, दात आवळून. “आसपासच असेल,” त्या म्हणाल्या.

फळांचाही निवाडा त्यांनीच केला. एका घरात दोष घट्ट राहतो. वीस घरांत वाटला की पातळ होतो. त्यांना सांगायचं का, असं छिऊ-मोईनं विचारलं.

“सांगितलं तर घेतील कशाला?”

मोठ्या घरानं जास्त भार उचलावा म्हणून फुंग-मोईंनी स्वतः चार बरण्या घेतल्या. मिठातल्या बाटल्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही. त्या कुणीच घेतल्या नाहीत. त्या अजून फळीवर आहेत.

जूनच्या शेवटी मुलगी झाली. छिद्र होतं, लहान झालं होतं, पण होतं. आता छिऊ-मोईच्या यादीत एकच भीती उरली, बाकीच्यांना बसायला जागा नव्हती. बाळ झोपलं की ती त्याच्या छातीला कान लावायची. आत एक बारीक सूं ऐकू यायचं, कधी नाही यायचं, आणि नाही आलं की जास्त भीती वाटायची. नववर्षानंतर पुन्हा दाखवायला आणा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

नववर्षानंतर पुन्हा विसावी आली, आणि आभाळानं विनोद करावा तशी पुन्हा ऊब, पुन्हा लाल उतार, पुन्हा टीव्हीवरची हसरी बाई. पेई-छी बाळाला घेऊन ओसरीत आली. शेताकडं बघून तिलाही राहवलं नाही.

“आई, निदान एक क्रेट. मी खुडते.”

“खाली बस.”

छिऊ-मोई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. साडेदहाला वारा फिरला. अकराला पाऊस आला, आधी बारीक, मग कोसळतच. लाल फळं पानांखाली हलताना दिसत होती. एवढं अन्न. तेवढ्यात डोंगरापलीकडं, त्या ऋतूत सहसा होत नाही तसा, एक लांबट गडगडाट झाला.

छिऊ-मोई उठली. पेई-छीच्या मांडीवरच्या बाळाचं टोपडं तिनं नीट केलं, स्टूल उचललं आणि ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला, पागोळ्यांखाली जाऊन एकटी बसली.

“तिकडं कुठं? भिजताय,” पेई-छी म्हणाली.

“असू दे. तू इकडं येऊ नकोस.”

वीज पडायचीच तर ती नेमकी पडावी, नेम चुकू नये, एवढीच तिची व्यवस्था होती. पाऊस थांबेपर्यंत, साडेतीन तास, ती तिथं डोकं उघडं ठेवून बसली. वीज आली नाही. सर्दी झाली.

पुढच्या आठवड्यात मिआओलीच्या पडद्यावर तेच करडं धुकं होतं, तीच शांतता, आणि छिऊ-मोईनं पेई-छीचं मनगट असं धरलं होतं की नंतर तिथं चार बोटं उमटली. बाईंनी दोनदा बघितलं. बुजलंय, म्हणाल्या, पडदा अखंड आहे. कधी बुजलं, असं छिऊ-मोईनं विचारलं. ते सांगता येत नाही, म्हणाल्या. अंगणात फुंग-मोईंना बातमी कळली तेव्हा त्यांनी फक्त आपल्या तळहाताकडं बघितलं, ज्यानं वडी दाबली होती त्या.

त्या दुपारी छिऊ-मोई फावडं घेऊन उतारावर गेली. फळांचा करडा लगदा झाला होता. तो गोळा करून तिनं खताच्या खड्ड्यात टाकला, एकेक घमेलं. शेवटचं घमेलं ओतल्यावर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“खत म्हणजे वाया नव्हे,” ती वर बघत, जरा मोठ्यानंच म्हणाली, आणि लगबगीनं छपराखाली गेली.